सही तुमची, तर आकडाही तुमचाच हवा

पत्र:

लग्न होऊन न्यू जर्सीत आले त्याला चौदा वर्षं झाली. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. पुण्यात मानसशास्त्रात बी.ए. केलं होतं. इथे तीन वर्षं एका सरकारी शाळेत पॅरा म्हणून, म्हणजे वर्गातली मदतनीस म्हणून, काम करते आहे. बोलण्यात अडचण असणाऱ्या मुलांबरोबर बसता बसता वाटलं, हेच आपलं काम. पूर्वतयारीचे विषय ऑनलाइन केले आणि आता स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या मास्टर्सला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक नावाजलेलं खासगी विद्यापीठ, दोन वर्षांची फी ९६,००० डॉलर, वर्ग १ जूनला सुरू. दुसरं सरकारी विद्यापीठ, फी ४८,०००, वर्ग सप्टेंबरमध्ये, घरापासून गाडीने पन्नास मिनिटं. शिक्षणासाठी २२,००० बाजूला ठेवलेत. नवऱ्याचा पगार १,६५,००० आहे.

मैत्रीण म्हणते, १ जुलैपासून ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होतंय, जूनमध्येच शिरून घे, हवं तेवढं कर्ज मिळेल. नवरा म्हणतो, सरकारी कर्जाचं व्याज जास्त, आपण घरावर कर्ज काढू. पुण्याचा भाऊ म्हणतो, मी फ्लॅट गहाण ठेवतो. माझ्या माहेरी कर्ज काढून कुणी शिकलेलं नाही. वय अडतीस, मुलगी पाच वर्षांची. १५ एप्रिलपर्यंत दोन्हीकडे कळवायचंय आणि रात्री झोप लागत नाही.

– अंथरूण पाहून पाय पसरणारी, न्यू जर्सी

उत्तर:

चौदा वर्षं. हा आकडा आपल्याकडे काय सांगतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. वनवास संपल्यावर लगेच राज्याभिषेक होतो असं नाही, आधी फी भरावी लागते. पण अभिनंदन आधी, हिशेब मग.

मी एका कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात बरीच वर्षं काढली. त्या टेबलापलीकडे बसणाऱ्या आपल्या लोकांचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसायचे. एक, कर्ज या शब्दानेच घाबरणारे. दुसरे, एकदा भीती मोडली की समोर येईल त्या आकड्यावर सही करणारे. गंमत अशी की पुष्कळदा माणूस एकच असायचा, फक्त भेट दुसरी असायची. तुमच्या पत्रात मला पहिली भेट दिसते आणि मैत्रिणीच्या सल्ल्यात दुसरी.

तुमच्या हातात आज एक गोष्ट आहे जी दोन वर्षांपूर्वी नव्हती: ग्रीन कार्ड. एच-४ वर, म्हणजे नवऱ्यामागे मिळालेल्या व्हिसावर, असताना फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज मिळालंच नसतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पुण्या-नागपूरहून येणाऱ्या मुलांनाही ते मिळत नाही, म्हणून ती तिकडच्या बँकेचं कर्ज घेऊन येतात. तुम्ही आता पात्र आहात, आणि मास्टर्ससाठी हे कर्ज देताना सरकार नवऱ्याचा पगार बघत नाही. डायरेक्ट अनसबसिडाइज्ड असं त्याचं लांबलचक नाव. गरज सिद्ध करावी लागत नाही, क्रेडिट स्कोअर तपासत नाहीत, हमीदार लागत नाही. वर्षाला जास्तीत जास्त २०,५०० डॉलर. ‘अनसबसिडाइज्ड’चा अर्थ एवढाच की पैसे विद्यापीठात जमा झाले त्या दिवसापासून व्याज चढायला लागतं, तुम्ही वर्गात बसलेल्या असलात तरी. शिकत असताना सरकार व्याज भरायचं ती सवलत पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी १ जुलै २०१२ पासून बंद झाली.

आता मैत्रिणीचं. ती चुकीचं सांगत नाही, म्हणूनच तिचा सल्ला धोक्याचा आहे. २००६ पासून ग्रॅड प्लस नावाचं दुसरं फेडरल कर्ज होतं. विद्यापीठ जो एकूण खर्च सांगेल, फीच नाही तर राहणं-खाणंसुद्धा, त्यातून बाकीची मदत वजा करून उरेल तेवढं सगळं ते द्यायचं. वरची मर्यादा अशी नाहीच. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ते १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद होतंय. आता मास्टर्ससाठी वर्षाला २०,५०० आणि सगळं मिळून १,००,००० ही भिंत. वकिली, डॉक्टरकी अशा ‘प्रोफेशनल’ पदव्यांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,०००. तुमचा अभ्यासक्रम त्या यादीत बसत नाही. नर्सिंग आणि फिजिकल थेरपीही बाहेर राहिल्या म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये इथे केवढा गदारोळ झाला होता, तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल.

जुन्यांसाठी एक खिडकी उघडी ठेवली आहे. ३० जूनला तुम्ही त्या अभ्यासक्रमात दाखल असलात आणि १ जुलैच्या आधी त्याच अभ्यासक्रमासाठी फेडरल कर्ज मिळालेलं असलं, तर जुने नियम तुम्हाला पुढची तीन वर्षं किंवा अभ्यासक्रम संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर, लागू राहतात. १ जूनला वर्ग सुरू होतात ते खासगी विद्यापीठ या खिडकीतून बरोब्बर आत जातं. मैत्रिणीने हेच हेरलं.

पण खिडकी उघडी आहे म्हणून उडी मारायची का? मी कागदावर मांडून पाहिलं. ९६,००० मधून तुमचे २२,००० गेले, ७४,००० उरले. त्यातले ४१,००० साध्या फेडरल कर्जातून, बाकी ग्रॅड प्लसमधून. २०२५-२६ साठी साध्या कर्जाचा दर ७.९४ टक्के आहे, ग्रॅड प्लसचा ८.९४. शिवाय ग्रॅड प्लसमध्ये सरकार देतानाच ४.२२८ टक्के कापून घेतं, म्हणजे हातात ३३,००० पडायला साडेचौतीस हजारांच्या आसपास उचलावे लागतात. उचल सगळी मिळून ७६,००० च्या घरात जाते. दोन वर्षं शिकलात, वर सहा महिन्यांची सूट, तोवर व्याज दहाएक हजार. नव्या नियमांनी ५०,००० ते १,००,००० च्या कर्जाला वीस वर्षांची मुदत मिळते, हप्ता सुमारे ७४० डॉलर. शेवटचा हप्ता भराल तेव्हा तुम्ही साठीच्या पलीकडे असाल. तुमची लेक अठरा वर्षांची होऊन स्वतःच्या कॉलेजचा फॉर्म भरत असेल तेव्हा तुमचे अजून नऊ-दहा वर्षांचे हप्ते बाकी.

आता सरकारी विद्यापीठ. वर्षाची फी २४,०००. बचतीतून वर्षाला ८,००० घाला, १६,००० कर्ज घ्या. दोन वर्षांत कर्ज ३२,००० आणि सहा हजार गाठीला शिल्लक. ते सहा हजार मोडू नका. प्रॅक्टिकमला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावाला, जाता जाता गाडी बंद पडली तर ते लागतील. पहिला हप्ता येईपर्यंत व्याज साधारण चार हजार चढेल. २५,००० ते ५०,००० च्या कर्जाला पंधरा वर्षांची मुदत, हप्ता ३४० च्या पुढेमागे. दहा वर्षांत फेडायचं ठरवलंत तर ४३५ च्या आसपास, आणि एकूण नऊ हजारांवर पैसे वाचतात. मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही.

(दर बदलेल, हे धरून चाला. तो दर वर्षी मे महिन्यात सरकारी दहा वर्षांच्या रोख्यांच्या लिलावावरून ठरतो, १ जुलैपासून नव्या कर्जांना लागू होतो, आणि त्या कर्जापुरता मग शेवटपर्यंत तोच राहतो. तुमचं सप्टेंबरचं कर्ज नव्या दराने येईल. वर दिलेले हप्ते थोडे इकडेतिकडे होतील, पण दोन विद्यापीठांमधली दरी तशीच राहील.)

आणि या दुप्पट फीच्या बदल्यात काय मिळतं? तुमच्या क्षेत्रात मला तरी फारसं काही दिसत नाही. दोन्ही अभ्यासक्रमांना अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या परिषदेची मान्यता आहे ना, एवढं आधी पक्कं करा. मान्यता असलेल्यांना आपले विद्यार्थी किती पास होतात, किती वेळेत पूर्ण करतात हे वेबसाइटवर जाहीर करावं लागतं, ते आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. त्यानंतर सगळ्यांना तीच प्रॅक्सिस परीक्षा, तीच किमान छत्तीस आठवड्यांची क्लिनिकल फेलोशिप. आणि सरकारी शाळेत पगार ठरतो तो पायरी आणि पदवी बघून, हे शाळेत तीन वर्षं काढलेल्या बाईला मी काय सांगणार. देशभरात या व्यवसायातल्यांचं मधलं वार्षिक उत्पन्न मे २०२४ मध्ये ९५,४१० डॉलर होतं. शाळांमध्ये त्याहून कमी, नर्सिंग होममध्ये जास्त. तुम्ही शाळेतच राहणार असाल तर पंचाहत्तर हजार धरून हिशेब करा. जास्त मिळाले तर मिळाले.

नामांकित विद्यापीठ सोडवत नाही, हे मला पत्रातल्या ‘नावाजलेलं’ या शब्दावरून कळलं. पुण्याला फोनवर सांगायला ते नाव छान वाटलं असतं. त्या एका फोनची किंमत दरमहा चारशे डॉलर, वीस वर्षं. मी नाही देणार.

नवऱ्याच्या सूचनेला मात्र मी नीट उत्तर देणं लागते, कारण त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नाही. त्यांचा पगार आणि क्रेडिट चांगलं असेल तर घरावरचं कर्ज किंवा खासगी बँकेचं कर्ज ७.९४ पेक्षा स्वस्त मिळू शकेल. फरक दरात नाही, दिवस फिरल्यावर दिसतो. घरावरच्या कर्जाच्या मागे घर असतं. हप्ते थांबले की बँक त्या घराकडे बघते. फेडरल कर्जाच्या मागे फक्त तुमची सही असते. कर्जदाराचा मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ते कर्ज रद्द होतं, नवऱ्यावर किंवा मुलीवर येत नाही. वाईट बोलतेय, पण या टेबलावर बसून ते बोलावंच लागायचं.

आणि मिळकत आटली तर? जुलैपासून येणाऱ्या नव्या योजनेचं नाव रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन. त्यात हप्ता मिळकतीवर ठरतो: वार्षिक मिळकत १०,००० पर्यंत असेल तर महिन्याला १० डॉलर, त्यापुढे दर दहा हजारांना एक टक्का वाढत वाढत १,००,००० च्या वर दहा टक्के. प्रत्येक मुलामागे महिन्याला ५० डॉलर कमी. हप्त्याने व्याज भागलं नाही तर उरलेलं व्याज सोडून देतात. पण यात तुमच्यासाठी एक मेख आहे. नवरा-बायको टॅक्स एकत्र भरत असतील तर मिळकत दोघांची धरतात. तुमचे ७५,००० आणि त्यांचे १,६५,००० मिळून दोन लाख चाळीस हजार, त्याचे दहा टक्के, मुलीचे ५० वजा जाऊन, म्हणजे महिन्याला १,९५० चा हप्ता! म्हणून रोजच्या दिवसांत तुम्ही साध्या ठरावीक हप्त्यावरच राहा. ही योजना पावसाळी छत्रीसारखी दाराशी असू द्या. आयटीतली नोकरी एका सकाळच्या ईमेलने जाते, हे तुमच्या घरात मी सांगायला नको. त्या दिवशी तुमचं कर्ज तुमच्याबरोबर खाली वाकेल. घरावरचं वाकणार नाही.

शाळेतल्या कुणीतरी तुम्हाला सांगितलं असेलच की सरकारी शाळेत दहा वर्षं काम केलं की कर्ज माफ होतं. पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस, २००७ चा कायदा, १२० हप्ते भरल्यावर उरलेलं माफ, आणि त्या माफीवर केंद्राचा टॅक्सही नाही. खरं आहे सगळं. पण तुम्हाला त्याचा लाभ घ्यायचा तर टॅक्स वेगवेगळा भरावा लागेल. तसं केलंत आणि मुलगी तुमच्या नावावर दाखवलीत तरी ७५,००० वर हप्ता ३८७ पडतो, म्हणजे साध्या हप्त्यापेक्षा जास्तच. दहा वर्षांनी माफ होण्यासारखे उरतात जेमतेम नऊ हजार, तेही दहा वर्षं पगार वाढला नाही तर.  ही योजना ज्यांचं कर्ज मोठं आणि पगार छोटा त्यांच्यासाठी सोन्यासारखी आहे. तुमच्यासाठी नाही. माफी मिळेल या आशेने कर्ज वाढवणारे मी पाहिलेत, त्यांचं नाव काढत नाही.

एवढं कौतुक केलं, तर या कर्जाचे दातही दाखवते. दिवाळखोरी जाहीर केली तरी ते सहसा सुटत नाही. त्याला कालमर्यादा नाही. २७० दिवस हप्ता चुकला की थकबाकीदार ठरवतात, आणि मग सरकार कोर्टात न जाता पगारातून पंधरा टक्क्यांपर्यंत कापू शकतं, टॅक्सचा रिफंडही वळवून घेतं. हप्ता परवडत नाही असं वाटलं की त्याच आठवड्यात सर्व्हिसरला, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला, फोन करायचा. पाकिटं न उघडता ड्रॉवरमध्ये टाकणाऱ्यांचं वाटोळं होतं.

भावाला नाही म्हणा. कारण शोधू नका. फ्लॅट त्याच्या संसाराचा आहे, आणि बहिणीच्या शिक्षणासाठी तो गहाण पडला हे घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत, न बोलता बोललं जाईल. त्याने विचारलं, हेच खूप आहे.

आता करायच्या गोष्टी. १५ एप्रिलच्या आधी सरकारी विद्यापीठाला होकार आणि डिपॉझिट. २०२६-२७ चा फॅफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरला नसेल तर आज भरा. मास्टर्ससाठी तुम्ही ‘स्वतंत्र’ धरल्या जाता, आईवडिलांचं काही विचारत नाहीत. (अडतिसाव्या वर्षी ते विचारलं असतं तर मजा आली असती.) नाव मात्र डोळ्यांत तेल घालून लिहा. आपल्या बायकांचा हा हमखास घोळ: बी.ए.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधलं नाव कधी वडिलांचं कधी नवऱ्याचं. फॅफ्सातलं नाव सोशल सिक्युरिटी कार्डाशी जुळवून पाहतात आणि ग्रीन कार्डावरचा ए-नंबर होमलँड सिक्युरिटीकडे जातो. एक अक्षर हललं की फॉर्म अडकतो, आणि महाविद्यालयाच्या ऑफिसात जाऊन मॅरेज सर्टिफिकेट दाखवत बसावं लागतं. माझ्यासमोर अशा कितीजणी बसल्या असतील.

ऑफर येईल तेव्हा पत्रावर पूर्ण २०,५०० छापलेले असतील. छापले म्हणून घ्यायचे नसतात. पंगतीत वाढपी वाढतच राहतो, पानावर आडवा हात आपणच धरायचा. ‘कमी रक्कम स्वीकारते’ असा पर्याय असतो, तिथे १६,००० लिहा. कमी पडले तर त्याच वर्षात मर्यादेपर्यंत वाढवून मागता येतात. उलट जास्त घेतले गेले तर पैसे जमा झाल्यापासून १२० दिवसांत परत केले की त्या रकमेचं व्याजही लागत नाही, कापलेलं शुल्कही लागत नाही. दोन वर्षांत जमेल तेव्हा चढणारं व्याज भरत जा. पहिल्या वर्षी १६,००० वर ते महिन्याला शंभराच्या आसपास येतं.

मुलगी लहान म्हणून अर्धवेळ करावं असा विचार डोक्यात आला असेल, तर थांबा. नव्या कायद्यात पूर्णवेळ नसाल तर कर्जाची मर्यादाही त्या प्रमाणात कमी होते, आणि अर्धवेळाच्या खाली गेलात तर कर्जच नाही. मुलगी सप्टेंबरात किंडरगार्टनला जाईल, तेव्हा दुपारनंतरच्या आफ्टरकेअरचं आधी बघा. त्याचे पैसे मी वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. ते नवऱ्याच्या पगारातून जाऊ द्या, घर गहाण ठेवायला तयार आहेत तर एवढं नक्की करतील.

आणि तुमच्या शाळेच्या ऑफिसात एक चक्कर मारा. काही जिल्हे आपल्या कर्मचाऱ्यांच्या फीचा काही भाग उचलतात, आणि स्पीच थेरपिस्टची चणचण असणाऱ्या ठिकाणी तर ‘शिकून इथेच परत या’ या अटीवर बोलणी होतात. तसंच विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंटशिप आहे का तेही विचारा, आठवड्याचे दहा तास काम आणि फीत सूट असं काहीतरी असतं. दोन्हीपैकी एक जरी जमलं तरी १६,००० च्या जागी १२,००० लिहिता येतील. दर सेमिस्टरला पत्र आलं की मला आकडा कळवा. मैत्रिणीला तूर्त काही सांगू नका, ती अजून जूनच मोजतेय.